हॉवर्थचें पार्सनेज : एक उसनें घर

थोर ग्रंथकारांचीं घरें पाहावयास जाणें ही अलीकडे सुशिक्षितांची एक प्रकारची तीर्थयात्राच झाली आहे. देवळांत शिरतांना आपण पादत्राणें बाहेर ठेवतों. अशा घरांत शिरतांना पुष्कळ लोक चिकित्सक बुद्धीहि बाहेर ठेवून आंत जातात. ज्या मेजावर ग्रंथ लिहिला तें मेज, ज्या लेखणीनें लिहिला ती लेखणी, ज्या खिडकींतून क्षितिज दिसे ती खिडकी, एवढ्यांचें दर्शन घडलें म्हणजे ग्रंथाचें मर्म हातीं आलें असें यात्रेकरूस वाटूं लागतें. इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यांतील हॉवर्थ गांवीं शार्लट, एमिली व अ‍ॅन ब्राँटे या तिघी भगिनींचें घर वस्तुसंग्रहालय म्हणून राखलेलें आहे; त्याच्या बाबतींत हा भ्रम विशेषच बळावतो. समोर दफनभूमि, मागें ओसाड माळरान, मध्यें दगडी घर, आणि त्यांत अकालीं मरण पावलेल्या तीन प्रतिभावती स्त्रिया! एवढी सामग्री मिळाल्यावर रम्य कल्पना करावयास कोण मागें राहील? माळावरच्या वाऱ्यांतून 'वदरिंग हाइट्स' जन्मली असें सांगून टीकाकारहि मोकळे होतात.

या रम्य चित्रांत एक गोष्ट नेहमीं सुटते. तें घर ब्राँटे कुटुंबाच्या मालकीचें केव्हांहि नव्हतें. तें पार्सनेज होतें. म्हणजे गांवच्या धर्मोपदेशकास त्याच्या नोकरीबरोबर राहावयास मिळणारी जागा. नोकरी संपली कीं जागा संपली. ज्यांनीं सारें आयुष्य सरकारी बंगल्यांत काढलें आहे, आणि कर्त्या पुरुषाच्या निवृत्तीचें वर्ष जवळ येऊं लागलें म्हणजे घरांतल्या बायकांच्या मनांत काय चालतें हें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस या एका वाक्याचा अर्थ फोड करून सांगावयास नको. हॉवर्थच्या घराचा इतिहास व त्या घरांतल्या मुलींनीं लिहिलेल्या कादंबऱ्या, दोन्ही या एका गोष्टीच्या उजेडांत वाचल्या पाहिजेत असें आमचें म्हणणें आहे. आणि वस्तुसंग्रहालय झाल्यावर त्या घराच्या सजावटीनें नेमकी हीच गोष्ट झांकून टाकली आहे, अशी आमची तक्रार आहे.

घराची हकीकत अशी. १७७८-७९ च्या सुमारास तें स्थानिक दगडांत बांधलें गेलें. मध्यें दरवाजा, दोहों बाजूंस सारख्या खिडक्या. आंत शिरतांच डावीकडे जेवणाची खोली, उजवीकडे धर्मोपदेशकाची अभ्यासिका, तिच्यामागें स्वयंपाकघर, वर निजावयाच्या खोल्या, अशी साधी मांडणी. रेव्हरंड पॅट्रिक ब्राँटे पत्नी व सहा मुलें घेऊन १८२० च्या एप्रिलांत येथें राहावयास आले. पॅट्रिक हे १७७७ सालीं आयर्लंडांतील एका गरीब शेतकऱ्याच्या पोटीं जन्मलेले. स्वतःच्या हिमतीवर शिकून १८०२ सालीं केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजांत दाखल झालेले. वडिलोपार्जित असें त्यांच्यापाशीं कांहीं नव्हतें. जें होतें तें विद्येनें मिळविलेलें. हॉवर्थच्या जागेवरून आधीं मोठा तंटा झाला होता. तेथील धर्मोपदेशक नेमण्याचा अधिकार ब्रॅडफर्डच्या व्हिकरचा. पण पगार ज्या जमिनींच्या उत्पन्नांतून निघे त्या जमिनी गांवच्या विश्वस्तांच्या हातीं. विश्वस्तांचें मन न राखतां सॅम्युएल रेडहेड नांवाच्या गृहस्थांस १८१९ सालीं नेमलें, तेव्हां गांवकऱ्यांनीं चर्चमध्यें दंगा करून त्यांस हुसकावून लावलें. शेवटीं दोन्ही पक्षांची तडजोड होऊन पॅट्रिक यांची नेमणूक झाली. ती तहहयात होती खरी. परंतु तहहयात याचा अर्थच हयातीपुरती. सगळ्या कुटुंबाचें छप्पर एका माणसाच्या श्वासावर अवलंबून होतें.

आणि त्या गांवांत श्वासाचा भरंवसा नव्हता. मुलांची आई १८२१ च्या सप्टेंबरांत वारली. मराया व एलिझाबेथ या थोरल्या दोघी मुली १८२५ सालीं शाळेंतून आजारी होऊन परतल्या व सहा आठवड्यांच्या आंत एकीमागून एक निवर्तल्या. पुढें १८५० सालीं सरकारी आरोग्यमंडळाचे निरीक्षक बेंजामिन हर्शेल बॅबेज यांनीं हॉवर्थची पाहणी केली, तेव्हां गांवांतील मृत्यूचें सरासरी वय २५.८ वर्षें भरलें. आणि शेंकडा ४१ हून अधिक मृत्यु सहा वर्षें पुरीं न झालेल्या मुलांचे होते. ही पाहणी व्हावी म्हणून खटपट करणारांत पॅट्रिक स्वतः होते. घरासमोरची दफनभूमि ही यात्रेकरूस गूढ वाटणारी गोष्ट. घरांतल्या माणसांस ती रोजच्या कामाची जागा होती.

१८३० च्या उन्हाळ्यांत पॅट्रिक फुफ्फुसाच्या विकारानें अंथरुणास खिळले. ते बरे झाले. पण पुढच्याच जानेवारींत चौदा वर्षांच्या शार्लटला रो हेडच्या शाळेंत धाडण्यांत आलें. बाप गेला तर मुलींनीं पोट कसें भरावयाचें, हा प्रश्न त्या आजारानें दारांत आणून उभा केला होता. त्या काळीं सभ्य घरांतील निर्धन मुलीस एकच वाट मोकळी होती. ती म्हणजे दुसऱ्याच्या मुलांस शिकविण्याची. तिघी बहिणींनीं ती वाट चालून पाहिली व तिघीहि पोळून परत आल्या. १८४२ सालीं मावशी एलिझाबेथ ब्रॅनवेल वारली. तिनें जमविलेल्या पुंजींतून प्रत्येक बहिणीच्या वांट्यास सुमारें तीनशें पौंड आले. मग १८४४ सालीं त्यांनीं घरांतच शाळा काढावयाचें ठरविलें. निवडक मुलींच्या निवासाची व शिक्षणाची सोय, वार्षिक फी ३५ पौंड, ठिकाण हॉवर्थचें पार्सनेज, असें पत्रक छापून परिचितांकडे धाडण्यांत आलें. एकहि मुलगी आली नाहीं. १८४६ सालीं स्वखर्चानें कवितांचें पुस्तक काढलें. वर्षभरांत त्याच्या दोन प्रती खपल्या. त्याच सुमारास पॅट्रिक यांची दृष्टि मोतीबिंदूनें जवळजवळ गेली होती. ऑगस्टांत त्यांस मँचेस्टर येथें शस्त्रक्रियेसाठीं नेलें असतां, भाड्याच्या बिऱ्हाडांत, अंधाऱ्या खोलींत पडलेल्या बापाची शुश्रूषा करीत शार्लटनें 'जेन एअर' लिहावयास घेतली. जगप्रसिद्ध पार्सनेजच्या सर्वांत प्रसिद्ध कादंबरीचा आरंभ पार्सनेजमध्यें झाला नाहीं, ही गोष्ट यात्रेकरूंनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

आतां कादंबऱ्यांकडे वळूं. तिघींपैकीं सर्वांत धाकटी अ‍ॅन. टीकाकारांच्या पंक्तींत तिचें पान नेहमीं शेवटीं वाढलें जातें. परंतु पार्सनेजची खरी कथा सर्वांत सरळ तिनेंच सांगितली आहे. १८४७ च्या डिसेंबरांत प्रसिद्ध झालेल्या 'अ‍ॅग्नेस ग्रे' या कादंबरीची नायिका धर्मोपदेशकाची मुलगी. ती परक्या घरीं मुलांस शिकवावयास राहते, बाप मरतो, आईला व तिला तें घर सोडावें लागतें, आणि दोघी मिळून समुद्रकांठच्या एका गांवीं शाळा काढतात. बाप जिवंत असतांना, त्याच्याच छपराखालीं बसून, तो मेल्यावर काय करावें लागेल याचा हिशेब या मुलीनें किती शांतपणें मांडला आहे! आक्रोश नाहीं कीं आळवणी नाहीं. दुसऱ्याच वर्षीं आलेल्या तिच्या मोठ्या कादंबरीचें नांवच 'द टेनन्ट ऑफ वाइल्डफेल हॉल' असें आहे. टेनन्ट म्हणजे भाडेकरू. व्यसनी नवऱ्याचें घर सोडून आलेली हेलन मुलास घेऊन एका पडक्या वाड्यांत राहते, चित्रें काढून विकते आणि वाड्याचा मालक तिचा सख्खा भाऊ असतांहि त्याला भाडें देते. स्वतःच्या मिळकतीचें भाडें भरलेली जागा हीच ज्या स्त्रीस स्वातंत्र्याची पहिली पायरी वाटते, तिची कथा लिहावयास पार्सनेजच्याच मुलीची दृष्टि लागते.

'वदरिंग हाइट्स' तर वाऱ्याची व वेडाची कादंबरी म्हणून गाजलेली. पण तिचें पहिलें पान उघडतांच काय दिसतें? लॉकवुड नांवाचा एक भाडेकरू आपल्या घरमालकास भेटावयास चालला आहे. त्या मालकाच्या दारावर १५०० हें साल व हेअरटन अर्नशॉ हें नांव कोरलेलें आहे. आणि त्याच नांवाचा वंशज त्या घरांत निरक्षर गडी म्हणून राबत आहे. हीथक्लिफचा सूड तलवारीनें चालत नाहीं. तो गहाणखतानें, विवाहानें व वारसाहक्कानें चालतो. हिंडलेस जुगाराच्या नादीं लागलेला पाहून तो त्याची जमीन गहाण घेतो, आणि मुलाचें लग्न लावून दुसरें घर पदरांत पाडतो. सी. पी. सँगर या कायदेपंडितानें १९२६ सालीं एका निबंधांत दाखवून दिलें कीं, या कादंबरींतील सनावळी व स्थावराच्या वारशासंबंधींचा कायदा हीं दोन्ही आश्चर्य वाटावें इतकीं बिनचूक आहेत. माळावर कुत्र्यासह भटकणाऱ्या एकलकोंड्या मुलीस हा रुक्ष कायदा कसा उमगला, याचें पुष्कळांस कोडें पडतें. आम्हांस तें कोडें वाटत नाहीं. ज्याच्यापाशीं जमीनजुमला असतो तो कायदा वकिलावर सोंपवून निजतो. ज्याच्यापाशीं कांहींच नसतें त्याचें लक्ष मात्र कोणाचें घर कोणाकडे गेलें याकडे सारखें लागलेलें असतें.

शार्लटच्या ग्रंथांत हीच गोष्ट सुखस्वप्नाच्या रूपानें येते. जेन एअर मामाच्या घरीं नकोशी, शाळेंत आश्रित, थॉर्नफील्डला पगारी. उपाशीं भटकत ती रिव्हर्स कुटुंबाच्या दारांत येऊन पडते, तेव्हां त्या घरांतला बाप नुकताच वारलेला असतो. आतां घर बंद करून बहिणींनीं शिक्षिकेच्या नोकरीवर जावयाचें, असें ठरलेलें असतें. पुढें जेनला चुलत्याची वीस हजार पौंडांची मिळकत मिळते. ती तिचे चार समान वांटे करते आणि पहिलें काम काय करते, तर तें घर झाडूनपुसून, नवें सामान आणून बहिणींसाठीं उघडते. भाऊ सेंट जॉन यास या कामाचें कौतुक नाहीं. त्याचें चित्त हिंदुस्थानांतील धर्मप्रसाराकडे लागलेलें, व त्यासाठीं तो जेनला हिंदुस्थानी भाषा शिकवूं लागतो. आपल्या देशाचा या कादंबरीशीं संबंध येतो तो एवढाच. पण घर सजविणारी जेन व घराकडे पाठ फिरविणारा सेंट जॉन यांच्या संवादांत बायकांच्या घराच्या ओढीस शार्लटनें जी प्रतिष्ठा दिली आहे, ती इतरत्र विरळा.

१८५३ सालच्या 'व्हिलेट'मध्यें तर याहून विलक्षण प्रकार आहे. कादंबरीच्या अखेरीस प्रोफेसर पॉल एमान्युएल ल्यूसी स्नो हिला एका लहानशा भाड्याच्या घरांत घेऊन जातो. आंत बांके मांडलेलीं, आणि तिचें नांव संचालिका म्हणून घातलेलीं शाळेचीं छापील पत्रकें तयार! हॉवर्थच्या १८४४ सालच्या त्या निष्फळ पत्रकाची ज्यास माहिती आहे त्यास हें प्रकरण कोरड्या डोळ्यांनीं वाचवणार नाहीं. जी शाळा तिघींनीं मिळून काढावयाची होती ती नऊ वर्षांनीं एकटीनें काढली, आणि तीहि कागदावर. कारण तोंवर दोघी बहिणी उरल्या नव्हत्या.

यावर कोणी म्हणेल कीं, घर व वारसा हा त्या काळच्या साऱ्या इंग्रजी कादंबरीचाच विषय होता. जेन ऑस्टेनहि धर्मोपदेशकाचीच मुलगी, व १८०१ सालीं बाप निवृत्त झाल्यावर तिलाहि स्टीव्हन्टनचें घर सोडावें लागलें. आक्षेप रास्त आहे. परंतु ऑस्टेनच्या नायिकांस घर मिळतें तें विवाहानें. ब्राँटे भगिनींच्या नायिकांस तें आधीं आपल्या कष्टानें किंवा आपल्या हक्काच्या पैशानें मिळवावें लागतें, आणि विवाह, झालाच तर, मागाहून होतो. हा फरक लहान नाहीं. दुसरा आक्षेप असा कीं, एमिलीचें तर त्या घरावर जिवापाड प्रेम होतें. घराबाहेर ती सुकून जाई. खरें आहे. पण प्रेम व धास्ती यांचें वैर कोणी सांगितलें? जें आपलें नाहीं असें ठाऊक असतें त्यावरच माणसाचा जीव असा जडतो. मात्र एक कबूल केलें पाहिजे. या घरानें कादंबऱ्यांचा विषय दिला असेल. त्यांची भाषा दिली नाहीं. इंग्लंडांत पार्सनेजें शेंकड्यांनीं होतीं, आणि त्यांतील मुलींसहि तीच धास्ती होती. 'वदरिंग हाइट्स' मात्र एकीनेंच लिहिली.

पुढचा इतिहास दुःखाचा आहे व तो सर्वश्रुतहि आहे. १८४८ च्या सप्टेंबरांत भाऊ ब्रॅनवेल, डिसेंबरांत एमिली, व १८४९ च्या मे महिन्यांत स्कारबरो येथें अ‍ॅन, अशीं तीन भावंडें नऊ महिन्यांच्या आंत गेलीं. एकट्या राहिलेल्या शार्लटनें १८५० च्या सुमारास कादंबऱ्यांच्या पैशांतून जेवणाची खोली व तिच्यावरची निजावयाची खोली वाढवून घेतली, आणि खालीं किरमिजी पडदे लावले. परक्या मालकीच्या घरावर हा खर्च! जेन एअरनें आपलें मूर हाउस सजविलें तें बहिणी यावयाच्या होत्या म्हणून. शार्लटनें आपलें सजविलें तें बहिणी गेल्यानंतर. १८५४ सालीं तिनें बापाचे सहायक आर्थर बेल निकल्स यांच्याशीं विवाह केला, आणि १८५५ च्या मार्च अखेरीस तीहि गेली. निकल्स यांनीं पुढें सहा वर्षें वृद्ध सासऱ्याची व त्यांच्या कामाची धुरा वाहिली. ७ जून १८६१ रोजीं पॅट्रिक वारले, आणि चाळीस वर्षें ज्याची धास्ती होती तें अखेर घडलें. विश्वस्तांनीं निकल्स यांस ती जागा दिली नाहीं. त्याच ऑक्टोबरांत घरांतील सामानाचा लिलांव झाला. निकल्स हस्तलिखितें व निवडक वस्तु घेऊन आयर्लंडास गेले. नवे धर्मोपदेशक जॉन वेड यांनीं १८७८ सालीं घरास एक नवी बाजू जोडली व १८७९ सालीं मनोरा तेवढा ठेवून जुनें चर्च पाडविलें. ब्राँटेभक्त त्यांस अद्याप क्षमा करीत नाहींत. परंतु पाडलेल्या चर्चबद्दल हळहळ वाटली तरी घराबद्दल वेड यांस दोष देतां येत नाहीं. घर तेव्हां त्यांचें होतें, जितकें तें पूर्वीं ब्राँट्यांचें होतें तितकेंच.

१८९३ सालीं ब्राँटे सोसायटी स्थापन झाली. १८९५ सालीं तिनें पहिलें संग्रहालय उघडलें तें हॉवर्थच्या यॉर्कशर पेनी बँकेच्या माडीवर. म्हणजे तेथेंहि जागा परक्याचीच. व्हर्जिनिया वुल्फ १९०४ सालीं हॉवर्थला जाऊन आली व त्यावर तिनें लेख लिहिला, तेव्हां तिनें शार्लटचीं वस्त्रें व जोडे पाहिले ते या माडीवरच्या संग्रहांत. पुढें हॉवर्थांतच जन्मलेले गिरणीमालक सर जेम्स रॉबर्ट्स यांनीं ३,००० पौंडांस पार्सनेज विकत घेऊन सोसायटीस अर्पण केलें, आणि ४ ऑगस्ट १९२८ रोजीं तें संग्रहालय म्हणून उघडलें. ज्या घरांत ब्राँटे कुटुंब एकेचाळीस वर्षें नोकरीच्या बळावर राहिलें, तें अशा रीतीनें, त्यांतलें कोणीहि उरलें नसतां, कायमचें त्यांच्या नांवें झालें.

तेव्हांपासून लिलांवांत पांगलेल्या वस्तु एकेक करून परत येत आहेत. ज्या मेजाभोंवतीं तिघी बहिणी रात्रीं फेऱ्या घालीत आपापल्या कथांची चर्चा करीत, व अखेर शार्लट एकटीच फेऱ्या घाली, तें मेज ५,८०,००० पौंडांचें अनुदान मिळून २०१५ सालीं स्वगृहीं आलें. चौदा वर्षांच्या शार्लटनें १८३० सालीं मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलें एक चिमुकलें मासिक २०१९ सालीं पॅरिसच्या लिलांवांत सहा लाख युरोंस घेण्यांत आलें. तिघींच्या साऱ्या हयातींत त्यांनीं मिळविलेला पैसा एकत्र केला तरी या रकमांच्या जवळपास जाणार नाहीं. तरीहि आम्ही या खर्चास नांवें ठेवीत नाहीं. वस्तु खऱ्या आहेत, व त्या जेथल्या तेथें आल्या हें चांगलेंच झालें.

आमचें म्हणणें मांडणीविषयीं आहे. जेवणाच्या खोलींतील किरमिजी पडदे व वाढविलेली भिंत हीं शार्लटच्या अखेरच्या वर्षांतलीं. मनांत मात्र प्रत्येक यात्रेकरू त्याच खोलींत तिघी बहिणी बसवितो. एमिलीनें व अ‍ॅननें ते पडदे कधींच पाहिले नाहींत. अशा रीतीनें दोन निरनिराळे काळ एकमेकांत मिसळून एक तिसरेंच घर तयार होतें. त्यांत सर्व वस्तु जागच्या जागीं आहेत, सर्व माणसें सुखरूप आहेत, आणि कोणासहि उद्यांची चिंता नाहीं. जिन्यावरचें घड्याळ पॅट्रिक रोज रात्रीं नऊ वाजतां निजावयास जातांना किल्ली देऊन चालूं ठेवीत, ही गोष्ट त्या घराविषयीं लिहिणारे सारे कौतुकानें सांगतात. त्या घड्याळाचा आवाज खालीं बसलेल्या मुलींस कसा ऐकूं येत असेल याचा विचार थोडेच करतात.

त्या घराच्या चालकांस आमची एक नम्र सूचना आहे. एवढ्या खोल्या भरल्या आहेत, त्यांत एक खोली रिकामी ठेवावी. पडदे नकोत, मेज नको. भिंतीवर १८४४ सालच्या पत्रकाची व १८६१ सालच्या लिलांवाच्या यादीची प्रत तेवढी लावावी. ज्यास तेथपर्यंत जाणें शक्य नाहीं, त्यानें घरीं बसून 'अ‍ॅग्नेस ग्रे' वाचावी. पुस्तक लहान आहे. दोन संध्याकाळींत संपतें, आणि हॉवर्थच्या घराचा खरा नकाशा त्यांत आहे.